पालिकेच्या कपाटातली वायर

साळवे भाऊसाहेब चोर नव्हते.

काल दुपारी गेले. आन आज सकाळी चौकात त्यांचा फ्लेक्स लागला. "प्रामाणिक कर्मचारी हरपला."

खाली सहा जणांचे फोटो. सहाच्या सहा हसत. त्यातल्या चौघांनी त्यांना वायरचोर म्हणलेलं मी माझ्या कानानं ऐकलंय.

ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगते. भाऊसाहेब पालिकेच्या वीज खात्याचं स्टोअर सांभाळायचे. घरातली लाईट कंपनीची, पण रस्त्यावरचे दिवे, पाण्याच्या मोटारी, त्यांच्या केबली, हे सगळं पालिका विकत घेते. आलेला माल बरोबर हाय असं भाऊसाहेबांनी लिहायचं, मग वीज समितीच्या सभापतीनं बिलावर सही करायची.

सभापती मी होते. चौथी पास, भंगारवाली. वॉर्ड बाईला सुटला म्हणून निवडून आले, आन मुकाट सही करणारी पायजे म्हणून खुर्चीवर बसवलं.

पहिल्याच दिवशी इंजिनिअरनं फाईल पुढं सरकवली, बोटानं जागा दाखवली. मी पेन उघडलं.

मागून भाऊसाहेब म्हणाले, "ताई, वाचायला वेळ लागंल तर लागू द्या. न्हाईतर माल हातात घेऊन बघा. पर बघितल्याबिगर सही करू नका."

इंजिनिअर म्हणला, हितं काय भंगार तोलायचंय का. सगळे हसले. मी पेन बंद केलं.

आता वायरीचं ऐका.

मोठी खरेदी असली की ठेकेदार आधी सॅम्पल देतो. मोटारीच्या केबलचा हातभर तुकडा. त्याला लाखेचं सील, चिठ्ठीवर तिघांच्या सह्या. इंजिनिअरची, भाऊसाहेबांची, माझी. तो स्टोअरच्या कपाटात राहतो. माल आला की त्याच्याशी ताडून बघायचा.

माल आला. भाऊसाहेबांनी मला स्टोअरमधी बोलावलं. मी दुकानातली सुरी घेऊन गेले. एका बंडलाचं टोक सोललं, तार खरवडली.

वरून लाल, आत पांढरं. अल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा.

मी म्हणले, "भाऊसाहेब, हे कुणी माझ्या दुकानात तांब्याच्या भावानं आणलं तर मी त्याला पायरीवरूनच हाकलीन."

भाऊसाहेब तोंडावर रुमाल धरून हसले. मग त्यांनी रजिस्टरात लिहिलं, माल सॅम्पलप्रमाणे न्हाई. मी बिलावर सही केली न्हाई.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते माझ्या दुकानात आले. पेपरात गुंडाळलेला तो तुकडा काढला. म्हणाले, कपाटाला दुसरी चावी हाय, उद्या हा बदलला तर आपल्या दोघांचं तोंड बंद. समितीची मीटिंग होईस्तवर तुमच्याकडं ठेवा.

मी तो तारांच्या पोत्यात टाकला. वायर कुठं लपवायची, तर वायरीत.

चुकलो आम्ही तिथंच. मीटिंग कुणी बोलावलीच न्हाई. आठ दिवसांनी इंजिनिअरनं चार माणसं गोळा करून कपाट उघडलं. सॅम्पल गायब. चावी भाऊसाहेबांची. झालं.

हातभर वायरीसाठी माणसाला नोटीस. चौकशी. स्टोअर काढून घेतलं आन कोंडवाड्यावर बसवलं, मोकाट जनावरं मोजायला.

मी बोलायला निघाले होते. आमचे मालक म्हणले, तुझ्या दुकानात सापडलं तर चोरी तुझी.

भाऊसाहेबांनीही तेच सांगितलं. "ताई, तुमी गप राहा. तुमचं पद हाय तवर तो माल आत येत न्हाई."

खरं सांगते, मला बरं वाटलं. ते म्हणले म्हणून गप बसले असं मी स्वतःला सांगत राहिले.

मुदत संपली. प्रशासक आला. माझ्या सहीची गरज उरली न्हाई. तीच केबल पास झाली आन त्याच उन्हाळ्यात विहिरीवरच्या दोन मोटारी जळाल्या. पंधरा पंधरा दिवस नळाला पाणी न्हाई. तवा फ्लेक्स कुणी लावला नव्हता.

तवा तरी बोलायला पायजे होतं मी. पण दुकानाचं लायसन पालिकेच्या हातात. पुन्हा गप.

भाऊसाहेब रस्त्यात भेटायचे. सायकलवरून एक पाय टेकवायचे. दुसरं काही बोलायचे न्हाईत.

"जयभीम ताई. हाय ना?"

"हाय, भाऊसाहेब."

एवढंच. मग पायडल मारून कोंडवाड्याकडं. कधी एका शब्दानं म्हणले न्हाईत, की आता काढा बाहेर.

काल त्यांच्या दारात बसले होते. त्यांची पोरगी, नर्सिंग करते, माझ्याजवळ येऊन बसली. हळूच इचारलं.

"मावशी, पप्पांनी खरंच नेली होती का हो वायर?"

गावाचं सोडा. घरच्या लेकराला ठाऊक न्हाई. बाप माझं नाव घरात पण बोलला न्हाई.

मी तिचा हात धरून तिला दुकानात आणलं. पोतं उपडं केलं. तुकडा तिच्या हातात दिला. सील जसंच्या तसं. तिनं सह्या वाचल्या, बापाच्या सहीवर बोट ठेवून बसली.

ह्या पोस्टखाली फोटो टाकलाय तो त्याच तुकड्याचा. तिसरी वाकडी सही माझी.

सोमवारी पालिका उघडली की मी आन ती पोरगी हा तुकडा साहेबाच्या टेबलावर ठेवणार. ठेवा म्हणावं हा त्या जळक्या केबलीशेजारी आन खरवडा दोन्ही. सुरी मी आणते. आन चोरीचं नाव लावायचंच असंल तर माझं लावा, माल माझ्या दुकानात होता.

सोमवारच्या आत तो फ्लेक्स उतरवा. न्हाईतर मी उतरवीन. भंगारात फ्लेक्सला भाव न्हाई, तरी नेईन.

भाऊसाहेब, लई उशीर केला मी. माफी मागायला तोंड न्हाई.

जयभीम.

हाय, भाऊसाहेब. हाय अजून.