हत्तीला मराठी येत होतं

सकवारबाईंच्या रोजच्या वहीत पहिली ओळ रामाची. मग दिवसभरात जे घडलं ते. लग्न होऊन चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या या घरात आल्यापासून हा नेम कधी चुकला नाही. माहेर तंजावरचं, त्यामुळे मराठी जुन्या वळणाची आणि तमिळमध्ये चांगली मुरलेली. परवा मात्र रामाखाली एकच ओळ पडली : "आज मी आजीची पाट्टी झाले."

झालं होतं असं. सुनेची, नंदिताची, बहीण कल्पना पुण्याहून राहायला आली होती. सात वर्षांची रुचा शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "मला पसी लागली!" पसी म्हणजे तमिळमधली भूक, या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या अशीच लागत आलेली. कल्पना खो खो हसली. "पसी? लागली की चावली गं?"

मनात वाकडं काही नव्हतं, पण पोरीनं त्या घडीपासून मराठीला कुलूप घातलं. जे काय बोलायचं ते तमिळमध्ये. आजीचीसुद्धा पाट्टी झाली.

सकवारबाई मनाशी माणसं मोजू लागल्या. मुलगा इंग्रजीत बुडालेला, नंदिता कामात. रुचाही गप्प झाली, तर मराठीत बोलायचं कुणाशी? देवाशी? तो ऐकून घेतो, पण उलट उत्तर देत नाही. गोडी तर उलट उत्तरातच!

रविवारी सकाळी पूजा आटोपताना त्यांना एकाएकी लहानपणीचं एक पुस्तक आठवलं. मुखपृष्ठ नसलेलं, पानापानावर चित्रं असलेलं.

"रुचा, एकोजीराजांची गोष्ट सांगू?"

"वेंडाम, पाट्टी." नको म्हणे.

"बरं, मी रामाला सांगते. तू ऐकू नकोस." त्या देव्हाऱ्याकडे तोंड करून बसल्या. "तर रामा, राजे तंजावरला नवे नवे. मिशा नारळाच्या शेंडीसारख्या, तमिळचा गंध नाही. दरबारात गवई गायला. राजे खूश. म्हणाले, 'वा!' गवई एक पाऊल पुढं आला. राजे म्हणाले, 'वा, वा!' तो आणखी दोन पावलं आला..."

मागे खुदकन आवाज झाला.

"मृदंगवाला आला. दिवटीवाला आला. राजे आपले 'वा, वा!' करताहेत..."

"अय्यो आजी, वा म्हणजे ये ना! ते बोलावतायत असं वाटलं त्यांना!"

आजी! सकवारबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. न जाणो, पाखरू उडायचं. "शेवटी देवळातला हत्तीही दारात आला. राजे सिंहासनावर चेपले."

"मग?"

"मग पान फाटलेलं. राजे कसे सुटले, मला अजून ठाऊक नाही बाळा."

इतक्यात स्वयंपाकघरातून कल्पनानं हाक दिली, "पोहे!"

रुचा ताडकन उठली. "आजी! राजांना पसी लागली! ते ओरडले, पोहे! आणि लोकांना ऐकू आलं, पो, हे! चालते व्हा! सगळे गेले!"

झारा हातात घेऊन कल्पना दारात आली. "काय चाललंय? मला नाही कळलं."

"मावशी, तुला तमिळ येत नाही ना, म्हणून," रुचा मोठ्या समजूतदारपणे म्हणाली. "बस, मी सांगते." आणि तिनं 'वा'पासून 'पो'पर्यंत सगळी गोष्ट सांगितली, स्वच्छ या घरच्या मराठीत. कल्पना डोळे पुसत हसली. "म्हणजे मी तीन दिवस तुम्हाला हाकलतेय होय गं?" मग बशी पुढं करत म्हणाली, "घे बाई. पसी लागली असेल."

सकवारबाईंनी वही उघडली. रामाखाली गोष्ट लिहायला घेतली. साठ वर्षं फाटलेलं पान भरत होतं.

"पण रुचा, सगळेच गेले, तर पोहे आणले कुणी? राजे उपाशीच?"

रुचानं तोंडातला घास गिळला.

"नाही आजी. हत्ती नाही गेला. लिही तू. हत्तीला मराठी येत होतं."