यान कोण चालवतंय?

मंडळी, आत्ताच इथल्या, लंडनमधल्या हॅरोच्या लायब्ररीतून घरी आले आणि कोट न काढताच हे लिहायला बसलेय.

आमच्या बुक ग्रुपमध्ये आज एका आफ्रिकन-अमेरिकन लेखिकेची विज्ञानकथा होती. त्यात एक काळी मुलगी अंतराळयान चालवते. आमच्यातले रिटायर्ड इंजिनियर डेरेक म्हणाले, "कथा छान आहे. पण यंत्राला रंग कुठे कळतो? ती काळी आहे हे पानोपानी कशाला सांगायचं?"

ग्रुपमधल्या सत्तरीच्या कृष्णवर्णीय पर्लबाई शांतपणे म्हणाल्या, "मी इथेच लंडनमध्ये बस चालवायचे. पहिल्या दिवशी मला स्टिअरिंगवर बघून दोघीजणी उतरून गेल्या. बसची काही तक्रार नव्हती."

सगळे हसले, डेरेकसुद्धा. एरवी मी तिथे नुसती बिस्किटं खाते, पण आज बोलले. माझे आजोबा मुंबईच्या गिरणीत होते. विणताना मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. आम्हा महारांचं तोंड लागलेला धागा इतरांना चालत नसे, म्हणून आजोबांना मागावर कधी उभंच केलं नाही.

डेरेकनी टेबलावरचं पुस्तक उचललं. मग म्हणाले, "मी जन्मभर यंत्रंच बघत आलो." ते पुस्तक पुन्हा वाचायला घरी घेऊन गेले.

बाहेर पडताना पर्लबाई म्हणाल्या, "आता तुझ्या भाषेत अशी एक गोष्ट लिही." मी चक्क हो म्हणून बसलेय, आणि फार मजा वाटतेय.

तुमच्या गोष्टीत यान कोण चालवेल? आडनावासकट सांगा.