हिंगाचा वास, गॅसचा वास

मी काडी ओढली आणि जमिनीवरून निळा जाळ पळाला. समईपर्यंत माझा हात पोचलाच नाही. धाकटी जाऊ मागच्या दाराची कडी लावून नुकती वळली होती. अंगावर नायलॉनची साडी. मी स्वयंपाकघराच्या हॉलकडच्या उंबऱ्याशी होते, म्हणून बाहेर फेकले गेले. ती आत राहिली.

दार मीच लावायला सांगितलं होतं. दिवेलागणीला पुढचं दार उघडं ठेवायचं आणि मागचं बंद करायचं. पुढून लक्ष्मी येते, मागून निघून जाऊ नये म्हणून. माझ्या माहेरी ही रीत, इकडेही हीच. आमचे नवरे भाऊ-भाऊ, दोघे रेल्वेत, म्हणून चेन्नईजवळ तांबरमला एकाच घरात राहायचो. ती तंजावरकडच्या मराठी घरातली, मी साताऱ्याची. तिच्या मराठीला मी हसायचे. तिच्या हाताच्या चवीला मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

उन्हाळा होता. दुसऱ्या दिवशी तांदळाचे वडाम, इकडचे सांडगे, घालायचे म्हणून सकाळीच गट्टी, म्हणजे घट्ट, हिंगाचा खडा पाण्यात टाकून ठेवला होता. त्या वासानं घर भरलेलं.

तिन्हीसांजेला ती म्हणाली, "अक्का, गॅसचा वास येतोय."

"हिंग भिजतोय."

"हा हिंगाचा नाही. खाली बसलं की जास्त येतो."

"मग बसू नकोस. दोनदा गॅसवाल्याला बोलावून माझं हसं केलंस. तुझं नाक आहे का कुत्र्याचं?"

"निदान दार तरी उघडं ठेवूया, अक्का."

"दिवा लावायच्या वेळेला? लाव ते आधी."

तिनं लावलं. मी मोठी होते.

ती अकरा दिवस जगली. शेगडीमागची रबरी नळी चिरली होती, असं नंतर कळलं. दिरानं मला इस्पितळाच्या जिन्यात विचारलं, "वहिनी, वास नाही आला का कुणाला?" मी म्हणाले, "नाही, दोघींनाही नाही." त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही. ते गेले तेव्हाही मी बोलले नव्हते.

त्यांची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. पुढचं तिचं मीच बघितलं, लग्नापर्यंत. आता ती चेन्नईतच अड्यारला राहते. मला ती इकडच्या रीतीनं पेरिम्मा म्हणते, मोठी आई. मी चौथी शिकलेली, पण आपल्या लेकीला मराठी शिकवायचं म्हणून ती दर रविवारी माझ्याकडे वही घेऊन येते आणि शब्द विचारते. तमिळ त्या पोरीला येतं, इंग्रजी येतं, मराठी तेवढं येत नाही.

गेल्या रविवारी तिनं विचारलं, "पेरिम्मा, ओळखणे म्हणजे काय लिहू? माणसालाच ओळखतात ना?"

"नाही. चपलांच्या आवाजावरून कोण आलं ते ओळखतात. दूध नासणार ते ओळखतात. भांडताना म्हणतात, मी तुला चांगली ओळखून आहे."

"मग दिसणे, ऐकू येणे, वास येणे, आणि हे, एकच की."

"एक कसं? वास सगळ्यांना येतो. तो कशाचा आहे, दुसऱ्या कशाचा नाही, हे सांगता आलं तर ओळखला."

"एखादं वाक्य सांग. घरातलं."

मी वडामचं सांगू शकले असते. आंब्याचं सांगू शकले असते. माझं वय झालंय, आणि ती पेन धरून बसली होती. मी म्हणाले, "लिही. आईनं गॅसचा वास ओळखला."

तिनं लिहायला सुरुवात केली आणि थांबली.

"कुठल्या आईनं?"

"तुझ्या."

मग सगळं सांगितलं. हिंग, दार, कुत्र्याचं नाक. काही गाळलं नाही. रडलेही नाही, ते तिच्यासमोर शोभलं नसतं.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही. मी त्यांना खोटं सांगितलं."

"त्यांना वाटायचं, ती बेसावध होती. मला तसंच सांगायचे. गॅसपाशी जरा लक्ष ठेव, आईसारखं करू नकोस."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या घरात मेलेल्या बाईवरच ठपका होता, आणि तो माझ्या एका वाक्यानं आला होता.

"तू माझं एवढं केलंस म्हणून मी काय म्हणू आता?" ती म्हणाली.

"काही म्हणू नकोस. तुझ्या लेकीला आजीबद्दल खरं सांग."

वही पिशवीत घालून ती स्टेशनकडे गेली. पुढच्या रविवारी येईल की नाही, ठाऊक नाही. मी फोन केलेला नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघी होतो. वास तिनं ओळखला. वाचले मी.