फर्स्टलीबाईंचा एकच मुद्दा
ऑफिसात सगळे त्यांना फर्स्टलीबाई म्हणायचे, अर्थात पाठीमागे. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात बाईंनी एकतीस वर्षं काढली. समोरच्याने कितीही आगपाखड करू दे, बाईंचं इंग्रजी उत्तर शिस्तीत जायचं: फर्स्टली, सेकंडली, थर्डली, लास्टली. साहेब म्हणायचे, "बाई, तुम्ही भांडलात तरी मुद्देसूद भांडाल." आता भांडायला तरी कोण होतं घरात? लग्न केलं नाही, भाऊ-भावजय गेले, आणि त्यांचा मुलगा, बाईंनीच लहानाचा मोठा केलेला, परदेशात नोकरीला. त्या भाच्यालाही मेल जायची ती अशीच, फर्स्टली-सेकंडलीच्या मुद्द्यांत. मायेचं बोलायचं म्हटलं की बाईंची जीभ जड व्हायची. मुद्द्यांत कसं, सगळं बेतात राहतं.

मग डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, सोबत घरचं माणूस हवं, आणि पुढचे आठ दिवस एकटं राहायचं नाही. बाई "बघते" म्हणाल्या. बघणार काय, कपाळ! शेजारीण भली होती, पण तिचाच व्याप तिला आवरत नव्हता.

दोन दिवस बाई मेल लिहीत आणि खोडत बसल्या. बाल्कनीतल्या रोपांची हकिगत घातली, काढली. भाच्याच्या पाठदुखीची चौकशी घातली, तीही काढली. मागायचं एकच होतं, आणि ते इकडच्या तिकडच्या गोष्टींत दडवायचा त्यांना कंटाळा आला होता. शेवटी लिहिलं, 'फर्स्टली, सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि मला एकटीला भीती वाटते. आठ दिवस येशील का?' पुढे काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाकडे काही मागितलं होतं. मेल पाठवून त्या मोकळ्या झाल्या.

तासाभरात उत्तर आलं. 'आत्या, ऑपरेशनचं वाचलं. पण मेल अर्धीच आलीय. तुझं फर्स्टली कधी एकटं येतं का? बाकीचे मुद्दे पाठव, सगळं एकदमच बघतो.'

खरं तर बाईंना राग यायला हवा होता. पण त्यांना लाजच वाटली, आपण भलतंच काही मागून बसलो अशी. फोन उचलून "एवढंच आहे रे बाबा" म्हणायला काय जात होतं? पण ते काही त्यांच्याने होईना. त्यांनी मुकाट्याने पुढचं टाइप केलं. 'सेकंडली, स्वयंपाकघरातला नळ गळतोय. थर्डली, तुझी कॉलेजची पुस्तकं ठेवू की देऊन टाकू? लास्टली, पहिल्या मुद्द्याची सोय झाली आहे. तू येऊ नकोस.'

या वेळी उत्तराला दहा मिनिटंही लागली नाहीत. 'बरं झालं, आत्या. मला उगाच काळजी लागली होती. पुस्तकं देऊन टाक.'

सोमवारी हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'सोबतचे नातेवाईक' असा रकाना होता. बाईंनी तिथे स्वच्छ अक्षरात स्वतःचंच नाव लिहिलं.