व्हता तसा शे

जळगावात माझा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास आहे. तिथला लोखंडी कूलर दर मार्चमध्ये एकच माणूस येऊन दुरुस्त करतो. इतकी वर्षं येतोय, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. चपला दाराबाहेर काढतो, स्क्रू शर्टाच्या खिशात ठेवतो, आणि पंखा सुरू झाला की डोळे मिटून थोडा वेळ नुसता ऐकतो. मग म्हणतो, “व्हता तसा शे.” म्हणजे होता तसा आहे. याहून मोठी स्तुती त्याने स्वतःच्या कामाची कधी केली नाही.

यंदा तो आला तेव्हा फळ्यावर इम्प्रूव्ह, अपडेट, अपग्रेड असे शब्द होते. उदाहरण आयतंच समोर बसलेलं. मी सगळ्यांना इंग्रजीत लिहायला सांगितलं, ‘यांनी आपला कूलर अपग्रेड केला.’

“सर, अपग्रेड म्हंजे?” त्याने विचारलं.

“पहिल्यापेक्षा चांगला करणं.”

“मंग खोडा ते. मी गवत बदललं, पंपातला गाळ काढला. तेवढ्यानं चांगला कसा व्हई? व्हता तसा शे.”

वर्ग हसला. मीही हसलो. दारावर माझी पाटी आहे: ‘तीन महिन्यांत स्वतःला अपग्रेड करा.’ चपला घालताना त्याने ती सावकाश वाचली.

हसल्या नाहीत त्या फक्त फैजपूरहून येणाऱ्या ताई. त्यांची ही तिसरी बॅच. त्यांनी पट्टी घेतली आणि वहीतलं वाक्य सरळ रेघ मारून खोडलं.