डाळिंबाचे दाणे कोणी मोजले?

विनीता राजूरकर शाळेच्या लायब्ररीत रुजू झाली, तेव्हा तिला काम सोपं वाटलं होतं. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, उन्हाळ्यात मोजदाद करायची. चार वर्षं तसंच चाललं. मग मागच्या जूनमध्ये वरून आदेश आला की सहावी ते नववीच्या प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास लायब्ररीचा. त्यात अर्धा वेळ वाचन आणि अर्धा वेळ माध्यम साक्षरता, म्हणजे मोबाइलवर येणारी गोष्ट खरी की खोटी हे मुलांना ओळखता आलं पाहिजे. विनीताला दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि एक जाडजूड फाइल मिळाली. पहिल्याच तासाला तिने फाइलमधलं वाक्य वाचून दाखवलं, 'पुढे पाठवण्यापूर्वी विचार करा.' मुलांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या आणि घड्याळाकडे पाहिलं.

जबलपूरच्या नेपियर टाउनमधली ही शाळा एके काळी मराठी मंडळींनी काढलेली. रेल्वेत आणि डिफेन्सच्या फॅक्टऱ्यांमध्ये नोकरीला आलेल्या विदर्भातल्या घरांची मुलं तिथे शिकत. आता शिकवणं हिंदीतून आणि इंग्रजीतून होतं. मराठीची आठवण म्हणून लायब्ररीत भिंतीलगत तीन कपाटं तेवढी उरली आहेत. नव्या तासासाठी जागा हवी म्हणून ती कपाटं रिकामी करायचं ठरलं. विनीता नागपूरहून लग्न होऊन आलेली. न पाहता पुस्तकं रद्दीत घालायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून रोज मधल्या सुट्टीत ती एकेक पुस्तक चाळायला बसली.

सामान्य ज्ञानाच्या एका जुन्या पुस्तकात लिहिलं होतं, 'डाळिंबात ३६५ दाणे असतात.' त्या ओळीच्या शेजारी, समासात, पेन्सिलने बारीक अक्षरात कोणीतरी लिहिलं होतं, '५११. मोजले.' खाली तारीख, १९८९ सालच्या मे महिन्यातली.

विनीताला हसू आलं. पण पुस्तक खाली ठेववेना. चार पानं पुढे 'सूर्य पूर्वेला उगवतो' या वाक्याशेजारी त्याच अक्षरात होतं, 'जागा बदलते. डिसेंबरात टाकीच्या उजवीकडे, जूनमध्ये कडुनिंबावर.' दुसऱ्या एका पुस्तकात मुंग्या साखरेला लागतात असं होतं, तिथे 'काळ्या लागतात. लाल बारीक तेलाकडे जातात.' आणि एका इतिहासाच्या गोष्टीत, राजा साऱ्या प्रजेचा लाडका होता या वाक्याखाली नुसता प्रश्न, 'सगळ्यांना कोणी विचारलं?'

दहा-बारा दिवसांत तिला एकोणीस पुस्तकांत अशा त्रेसष्ट खुणा सापडल्या. हे अक्षर एकाच माणसाचं होतं. उभं, सुटं, शाळकरी वळणाचं. कोण असेल हा माणूस, हे तिच्या डोक्यातून जाईना. घरी पोळ्या लाटतानाही ती तेच बोलायची, तेव्हा तिचा नवरा अनुपम म्हणाला की तू आता शाळेपेक्षा पोलिसात शोभशील.

आठवीच्या तासाला तिने फाइल टेबलाच्या खणात टाकली आणि ती पुस्तकं मुलांपुढे मांडली. प्रणोती नावाच्या मुलीला मराठी वाचता येत होतं. घरी आजी मराठीत बोलायची, प्रणोती सगळं समजून हिंदीत उत्तर द्यायची. तिने अडखळत एकेक खूण वाचली आणि वर्गाला सांगितली. 'सगळ्यांना कोणी विचारलं?' ऐकल्यावर वर्ग खो-खो हसला. पुढच्या आठवड्यात दोघीजणी डबा उघडून बसल्या, त्यात डाळिंबं. दाणे निघाले एकात चारशे अडतीस आणि दुसऱ्यात सहाशे दोन. घड्याळाकडे कोणी पाहिलं नाही.

आता मुलांनाही तोच प्रश्न पडला होता. विनीताने जुनी रजिस्टरं काढली. ज्या पुस्तकांत खुणा होत्या, ती सगळी कोणा एकाच्या नावावर कधीच गेली नव्हती. गंमत म्हणजे, त्यांतली सात पुस्तकं आजपर्यंत कोणी नेलीच नव्हती. आतली कार्डं कोरी होती. म्हणजे लिहिणाऱ्याला पुस्तक बाहेर न नेता वाचायला मिळत होतं.

तिला वाटलं, दिवाकर पौनीकर सर असणार. बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले सर दोन गल्ल्या सोडून, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर राहतात. विनीता पुस्तकं घेऊन त्यांच्याकडे गेली. सरांनी चष्मा पुसून एकेक पान पाहिलं. मग म्हणाले की मी असं काही लिहिलं असतं, तर साऱ्या जबलपूरला दाखवत फिरलो असतो, पेन्सिलने लपवून ठेवलं नसतं. ते पुन्हा पानं उलटू लागले, आणि या वेळी त्यांचं बोट मजकुरावर नव्हतं, तारखांवर होतं. मे. दिवाळीचे दिवस. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पुन्हा मे.

"शाळा बंद असताना आत कोण असायचं?" ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "भानुमती."

भानुमती सोनकुसरे शाळेत सव्वीस वर्षं आया होती. झाडलोट करायची, वर्गावर्गांत पाणी द्यायची. दर सुट्टीत लायब्ररीतली पुस्तकं गच्चीवर उन्हात घालायचं कामही तिच्याकडेच होतं. दहा वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. पुस्तक मिटत सर म्हणाले, "मी शिकवायचो तेव्हा ती दाराशी उभी राहायची. मला वाटायचं, रिकामा ग्लास न्यायला थांबली आहे."

नर्मदेच्या ग्वारीघाटावर भानुमतीबाईंचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. त्यांची पुतणी अमिता घाटावर फुलं आणि पूजेचं सामान विकते, आणि बाई तिच्याशेजारी बसून पानांच्या द्रोणांत फुलं आणि वाती मांडत असतात. विनीताने नमस्कार केला, शाळेचं नाव सांगितलं आणि पिशवीतून ते सामान्य ज्ञानाचं पुस्तक काढलं. पुस्तक पाहताच बाईंचा हात द्रोणावरच थांबला.

"पेन्सिलनंच लिहिलं होतं, मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. "खोडलं तर निघून जाते."

इतक्या वर्षांनी तक्रार आली, असंच त्यांना वाटलं होतं. अमिताही हातातलं काम टाकून, काकीने काय केलं म्हणून हिंदीत विचारू लागली. विनीताने तिला समजावलं, बाईंना समजावलं, मुलांनी डाळिंबं मोजल्याचं सांगितलं. आकडे ऐकल्यावर मात्र बाईंचा चेहरा बदलला. "सहाशे दोन?" त्यांनी पुन्हा विचारलं. "मोठं होतं काय?"

मग त्या बोलू लागल्या. माहेर तुमसरकडचं. सातवीपर्यंत शिकल्या आणि लग्न होऊन जबलपूरला आल्या. नवरा आजारी पडला तेव्हा महिनाभर त्याच्या खाटेशेजारी बसून होत्या. येणारा-जाणारा प्रत्येक जण काही ना काही सांगून जायचा. कोणी म्हणे हा काढा द्या, कोणी म्हणे या दिशेला डोकं करून निजवा. त्यांनी सगळं ऐकलं, सगळं केलं. नवरा गेला. त्यानंतर नोकरी लागली, आणि पहिल्याच मे महिन्यात पुस्तकं उन्हात घालताना त्यांनी डाळिंबाची ती ओळ वाचली.

"मले वाटलं, हे तर पाहता येते," त्या म्हणाल्या. "लोकं जे सांगत होते ते मले पाहता येत नव्हतं. दाणे मोजता येते. डाळिंब घरी नेलं न् मोजलं. पुस्तकात बी चुकीचं असते हे त्या दिवशी समजलं. मले भेव नाही वाटलं, मॅडम. बरं वाटलं."

"मग कोणाला दाखवलं काहून नाही?" विनीताच्या तोंडून नागपूरचं 'काहून' आपोआप निघालं.

बाई फुलांकडे पाहत म्हणाल्या की आयाला पुस्तकाचं कार्ड मिळत नव्हतं, मग दाखवणार कोणाला.

दसऱ्याच्या आधी एका गुरुवारी विनीता त्यांना ऑटोने शाळेत घेऊन आली. बाईंनी धुतलेली पांढरी साडी नेसली होती. खुर्चीवर बसायला त्या तयार होईनात, शेवटी मुलांच्या बाकावर बसल्या. मुलांनी विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. टाकी कुठली, कडुनिंब कुठला, हे गच्चीवर नेऊन दाखवलं. मग खाली आल्यावर प्रणोतीने एक पुस्तक उघडलं. त्यात 'पिंपळालाही फुले येतात' असं वाक्य होतं आणि समासात खूण होती, 'नाही. सोळा वर्षं पाहून राहिली, एक फूल नाही.'

प्रणोतीने घराजवळच्या पिंपळाची हिरवी फळं आणली होती. प्रयोगशाळेतून ब्लेड आणि भिंगही मागून घेतलं होतं. तिने एक फळ मधोमध कापलं आणि बाईंपुढे धरलं. हे आधी आपल्याला विचारायला हवं होतं, असं विनीताला वाटलं. म्हाताऱ्या बाईला मुलांसमोर बोलावून तिचीच चूक काढायची, हे बरं दिसत नव्हतं. पण आता थांबवायला उशीर झाला होता.

बाईंनी भिंग डोळ्याशी नेलं, जरा लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं. फळाच्या आतल्या कडेला सुईच्या टोकाएवढे शेकडो ठिपके दाटीने बसले होते.

"हे फुलं आहेत?"

"हो आजी," प्रणोती म्हणाली. ती मराठी बोलताना विनीताने पहिल्यांदाच ऐकली. "फूल आत असते. बाहेर नाही येत."

"म्हणजे मी सोळा वर्षं बाहेरूनच पाहून राहिली." बाई आधी स्वतःशी हसल्या, मग मुलं हसली. "तुले कसं समजलं?"

प्रणोतीने सांगितलं की एका हिंदी पुस्तकात वाचलं होतं, खरं वाटलं नाही, म्हणून कापून पाहिलं. बाईंनी मान हलवली आणि पेन्सिल मागितली. जुनी ओळ त्यांनी खोडली नाही. तिच्याखाली सावकाश लिहिलं, 'आहे. आत. प्रणोतीनं कापून दाखवलं.' आणि तारीख घातली. पोरांना मग तो तास संपूच नये असं वाटत होतं.

याचा उपयोग पंधरा दिवसांतच झाला. पालकांच्या ग्रुपवर एक फोटो फिरू लागला. घाटाच्या पायऱ्यांवर भली मोठी मगर, आणि खाली लिहिलेलं, 'आज सकाळी ग्वारीघाट, मुलांना सांभाळा.' निम्म्या पालकांनी तो पुढे पाठवला होता. प्रणोतीच्या आईनेही. आठवीच्या वर्गाने विनीताला गाठलं आणि विनीताने अमिताला फोन लावला. बाई फोनवर आल्या.

"मी सकाळपासून इथंच बसून आहे. मले नाही दिसली," त्या म्हणाल्या. "पण मले नाही दिसली म्हणजे नाहीच, असं कसं म्हणू? थांबा, नावाड्यायले विचारते."

अर्ध्या तासाने त्यांचा निरोप आला. तीन नावाडी आणि एक पुजारी, कोणीच मगर पाहिली नव्हती. इकडे मुलींनी फोटो मोठा करून पाहिला. मागच्या कोपऱ्यात एक पाटी होती आणि तिच्यावरची अक्षरं देवनागरी नव्हती. पायऱ्यांना निळा कठडा होता, तसा ग्वारीघाटावर कुठेच नाही, असं रोज जाणाऱ्या दोघींनी सांगितलं. तोच फोटो इंटरनेटवर शोधल्यावर तीन वर्षांपूर्वीचा निघाला. मुलींनी ग्रुपवर पाठवायचा मजकूर फळ्यावर चार वेळा लिहिला आणि पुसला. शेवटी ठरला तो असा: फोटो जुना आहे आणि दुसरीकडचा आहे. आज घाटावर मगर दिसल्याचं आम्ही विचारलेल्या चौघांपैकी कोणीही सांगितलं नाही. नदीत मगर आहे की नाही, हे आम्हाला माहीत नाही. एका पालकाने रागावून लिहिलं की सावध केलं त्यात काय बिघडलं. त्याला काय उत्तर द्यायचं, यावर वर्गात अजून वाद आहे.

कपाटं रद्दीत गेली नाहीत. मुख्याध्यापकांनी एक बाहेर हलवायला सांगितलं, दोन राहिली. प्रणोतीने एक मराठी पुस्तक घरी नेलं आणि ती आजीला रोज दोन पानं वाचून दाखवते. आजी मधेमधे उच्चार सुधारते, त्यावरून दोघींची जुंपते.

भानुमतीबाईंच्या नावाचं कार्ड विनीताने केलं, तेव्हा त्यांनी पुस्तक निवडायला अख्खी मधली सुट्टी घेतली. विनीताला वाटलं, मराठी गोष्टींचं नेतील. त्यांनी काढलं ते मोबाइल कसा चालतो हे सांगणारं हिंदी पुस्तक. त्या फोटोपासून त्यांच्या मनात एकच घोळत होतं, एवढ्याशा फोनमध्ये चित्र येतं तरी कुठून. सध्या त्या तिसाव्या पानावर आहेत. दोन वाक्यं त्यांना पटलेली नाहीत. पण ती तपासायची तर फोन उघडून आत पाहावं लागेल, आणि अमिता आपला फोन त्यांच्या हाताला लागू देत नाही.