साहेबाच्या पेटीतलं काडेचिराईत

शशिधरला लंडनच्या हॅरो भागात येऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि त्यातली अकरा त्यानं खुर्च्या लावण्यात घालवली होती. खुर्च्या इतिहास सोसायटीच्या. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस पेन्शनर मंडळी जमायची, कुणीतरी जुन्या गटारांवर नाहीतर ट्रामवर बोलायचं, आणि शशिधर अर्धा तास आधी जाऊन चाळीस खुर्च्या मांडायचा. त्याला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे या सोसायटीच्या कमिटीत जागा. कमिटी सात जणांची. तिथे होतं काय, तर पुढच्या खेपेला बिस्किटं कुठली आणायची हे ठरतं. पण शशिधरच्या लेखी ते पार्लमेंट होतं. या इच्छेबद्दल त्यानं सोसायटीत कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. सभ्य माणूस मागत नाही, त्याला बोलावलं जातं, अशी त्याची समजूत होती.

२००६ च्या उन्हाळ्यात एक जागा रिकामी झाली आणि सेक्रेटरी मिसेस व्हिटकॉम यांनी जुलैचं भाषण शशिधरला दिलं. त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. भाषणाला विषय त्याच्याकडे तयार होता. लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या कार-बूट सेलमध्ये त्याला एक लाकडी पेटी मिळाली होती. राणीच्या काळात जी इंग्रज कुटुंबं वसाहतींत राहायला जायची, त्यांना लंडनचे दुकानदार अशा पेट्या विकत. आत बारा बाटल्या, प्रत्येकीवर पिवळं पडलेलं सुंदर लेबल: तापाचे थेंब, पोटाचा अर्क, बाळांसाठी शांतिदायक सिरप. शिवाय कॉलऱ्यापासून बचाव म्हणून पोटाला गुंडाळायचा फ्लॅनेलचा पट्टा. नुसता पट्टा गुंडाळला की कॉलरा लाजून परत जातो, अशी त्या दुकानदारांची हमी होती आणि साहेब लोक ती मानतही होते. शशिधरनं तो पट्टा घालून आरशासमोर भाषणाची तालीम केली. सुमन, त्याची बायको, त्या पेटीला साहेबाचा मसाल्याचा डबा म्हणायची. तो तिकडे लक्ष देत नसे.

त्याची आई सिंधुबाई त्या वेळी कराडहून सहा महिन्यांसाठी आली होती. मुलगा-सून कामावर गेली की घरात बोलायला कुणी नाही, खिडकीबाहेर बघावं तर तिथेही कुणी नाही. मंगळवारी दुपारी तिला कोपऱ्यात ती पेटी दिसली. चांगल्या जाड काचेच्या बाटल्या आणि आत वाळलेली काळी घाण! तिनं बादलीत गरम पाणी घेतलं, सोडा टाकला, बाटल्या भिजत घातल्या, तारेच्या घासणीनं लेबलं खरवडून काढली आणि उन्हात ओळीनं पालथ्या घातल्या. आयुष्यभर तिनं रिकाम्या बाटल्यांचं हेच केलं होतं. संध्याकाळी शशिधर घरी आला तेव्हा सहा बाटल्यांत ओवा, जिरं, मेतकूट वगैरे भरून झालं होतं.

"आई, लेबल्स कुठायत? दोज आर ओरिजिनल! शंभर वर्षांपूर्वीची!"

"म्हणूनच निघाली पटकन. डिंक सुकला होता रे."

शशिधर जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. भाषण दोन दिवसांवर, बाटल्या लख्ख, आणि कुठल्या बाटलीत काय होतं याचा पत्ता नाही. फोटो काढायचे राहिले होते. त्याला रडू येत होतं, पण कौन्सिलच्या पार्किंग विभागात नोकरीची एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला रडायला वेळ लागतो.

"एवढंच ना?" आई म्हणाली. "धुताना वास घेतलाय मी. सगळ्या सांगते."

दुसरा इलाजच नव्हता. गुरुवारी तो टाय लावून उभा राहिला आणि शेजारच्या खुर्चीवर नऊवारीतली सिंधुबाई. आपली आई लोकांसमोर आणायची त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याची त्याहून जास्त. तो एकेक बाटली उचलायचा, आई मराठीत सांगायची आणि तो त्याचं इंग्रजी करायचा.

"ही सुंठ. ही बाळंतशोपा. ही ओव्याची." आईचा आवाज हळूहळू चढला. "आपल्याच घरातलं सामान बोटीनं इकडे आणायचं, वर कागद चिकटवायचा आणि तिकडे राहणाऱ्या साहेबाला परत विकायचं! ही बाळांची. हिच्यात अफू होती. पोर रडायचं थांबणारच, झोपलंय की गेलंय तेच कळायचं नाही. आणि हा पट्टा आमच्याकडे बाळंतीण बांधते."

हॉलमध्ये हशा पिकला. पहिल्या रांगेतल्या एका कर्नलनं डोळे पुसले.

"आणि हे काडेचिराईत," आईनं तापाच्या थेंबांची बाटली हातात घेतली. "हे प्यायचं म्हटलं की हा घर डोक्यावर घ्यायचा. दोघांनी धरायचं, तिसऱ्यानं नाक दाबायचं. तरी माझ्या पदरावर थुंकायचा. आता टाय लावून भाषण करतोय त्याच्यावर."

हे सगळं शशिधरनं इंग्रजीत 'हे फारच कडू असे' इतक्यावर आटपलं.

टाळ्या बराच वेळ वाजल्या. मिसेस व्हिटकॉमनी सिंधुबाईचे दोन्ही हात धरले. "इतकी सुंदर संध्याकाळ आमच्या सोसायटीनं पाहिली नव्हती. विचारा ना त्यांना, आम्ही त्यांच्यासाठी काय करू शकतो? काहीही सांगा म्हणावं."

शशिधरनं विचारलं. आई खुर्चीत सरळ बसली.

"मला काही नको. त्यांना सांग, माझ्या मुलाला तुमच्या कमिटीत घ्या. अकरा वर्षं तुमच्या खुर्च्या लावतोय. आरशासमोर बोलून बघतो, मी पाहिलंय. फार मनात आहे त्याच्या. सांग."

मिसेस व्हिटकॉम भुवया उंचावून वाट बघत होत्या. कर्नलही पुढे वाकला. शशिधरचे कान तापले.

"आई म्हणतेय," तो इंग्रजीत म्हणाला, "एक कप चहा मिळाला तर बरं होईल."

"अर्थातच! आनंदानं!" मिसेस व्हिटकॉम इतक्या मनापासून हसल्या आणि त्यांनी इतक्या जोरात मान डोलावली, की सिंधुबाईचे डोळे भरून आले. लगेच चहा आला, सोबत दोन बिस्किटंही. आईनं ती प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली.

बसमध्ये ती म्हणाली, "बघ, एका शब्दात काम झालं. चांगली आहे रे बाई. उगाच इतकी वर्षं गप्प बसलास."

शनिवारी सकाळी तिनं केशर घालून शिरा केला. शिरा वाटीत पडतोय तेवढ्यात फोन वाजला. मिसेस व्हिटकॉम होत्या. रिकामी जागा मिस्टर डॉब्सन नावाच्या, ट्रामची तिकिटं जमवणाऱ्या गृहस्थांना दिली होती.

"खरं सांगू," त्या म्हणाल्या, "मी आधी तुमचंच नाव सुचवणार होते. पण तुम्ही कधी बोललाच नाहीत. आम्हाला वाटलं, तुम्हाला खुर्च्यांचंच काम आवडतं."

"हो, आवडतं," शशिधर म्हणाला आणि फोन ठेवला.

"बाईचा ना? काय म्हणाली?" आईनं विचारलं.

"तुझी आठवण काढत होती."

"आणि तुझं काय?"

"झालं," तो म्हणाला. आईनं त्याच्या वाटीत आणखी एक डाव शिरा वाढला, आणि लहानपणी पदरावर थुंकणाऱ्या शशिधरनं तो शेवटच्या घासापर्यंत मुकाट्यानं गिळला.